किट लेन्स पुरते का? नवा कॅमेरा घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नवा कॅमेरा घ्यायचा ठरला की लेन्सचा वाद दुकानातच सुरू होतो. काउंटरपलीकडचा माणूस म्हणतो, नुसती बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्या, किट लेन्समध्ये दम नाही. घरचे म्हणतात, सोबत मिळतेय तर सोडायची कशाला? माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिलं वर्षभर किट लेन्स आरामात पुरते. ती कुठे कमी पडते हेही नेमकं सांगता येतं, आणि त्यातली मोठी अडचण एकच आहे, ती म्हणजे कमी उजेड. खालची उत्तरं मुख्यतः कॅनन आणि निकॉनच्या नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरबरोबर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांबरोबर) आलेल्या १८-५५ मिमी लेन्सला धरून आहेत. मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंथ: आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढी लांबची वस्तू जवळ. मिररलेसचं, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचं, पुढे वेगळं सांगितलं आहे.

किट लेन्स म्हणजे नक्की कोणती?

बॉडीबरोबर एकाच खोक्यात, एकाच किमतीत येते ती. फिल्मच्या काळात एसएलआरसोबत बहुधा ५० मिमीची लेन्स यायची, तिला झूम नसायचा. कॅननने २००३ मध्ये ३००डी आणला आणि त्याच्यासोबत १८-५५ दिली, तेव्हापासून किट लेन्स म्हटलं की हाच आकडा डोळ्यांसमोर येतो.

या कॅमेऱ्यांचा एपीएस-सी सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मच्या मापाच्या सेन्सरपेक्षा) लहान असतो, त्यामुळे दिसणारी चौकट अरुंद होते. कॅननवर १.६ ने आणि निकॉनवर १.५ ने गुणायचं. म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात कॅननवर ही लेन्स साधारण २९ ते ८८ मिमी झाली. एका टोकाला गडाची अख्खी तटबंदी मावते, दुसऱ्या टोकाला चेहऱ्याचं पोर्ट्रेट होतं. रोजच्या फोटोंमधले बहुतेक प्रकार या दोन टोकांच्या मधेच असतात.

मग सगळे तिला नावं का ठेवतात?

बदनामीचा बराचसा भाग जुना आहे. सुरुवातीच्या १८-५५ मध्ये हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नव्हतं, कोपरे मऊ यायचे, फोकस करताना पुढची काच गरागरा फिरायची, त्यामुळे पोलरायझर (ठरावीक कोनात फिरवून ठेवायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला की वैताग व्हायचा. कॅननने २००७ मध्ये स्टॅबिलायझेशनवाली आणली, २०१३ मध्ये एसटीएम या शांत फोकस मोटरची. निकॉनची तशाच मोटरची एएफ-पी २०१६ मध्ये आली. या नव्या पिढीत फोकस जवळजवळ आवाज न करता लागतो, पुढची काच फिरत नाही आणि मधल्या अॅपर्चरला (प्रकाश आत सोडणारं भोक मध्यम उघडं असताना) चित्र चांगलं धारदार येतं. लेन्स बदलली, नाव तेच राहिलं, आणि ऐकीव तक्रारी नव्या लेन्सला चिकटल्या.

प्लास्टिकची बांधणी ही तक्रार मात्र खरी आहे. माउंटसुद्धा (लेन्स बॉडीत अडकते तो भाग) बऱ्याचदा प्लास्टिकचाच असतो. पण त्यामुळेच लेन्सचं वजन साधारण २०० ग्रॅमवर राहतं, आणि राजगडाची चढण चढताना हे वजन मला तरी महत्त्वाचं वाटतं.

लेन्सवर ३.५-५.६ असं लिहिलंय, ते काय?

पूर्ण उघडल्यावर अॅपर्चर किती मोठं होतं, त्याचे हे दोन आकडे. १८ मिमीला एफ ३.५ मिळतं, ५५ ला एफ ५.६. आकडा वाढला की भोक लहान. एफ ५.६ ला जेवढा प्रकाश आत येतो, त्याच्या अडीच पट एफ ३.५ ला येतो. एफ १.८ ची लेन्स लावली तर जवळपास दहा पट.

हे आकडे घरातल्या एका प्रसंगावर ठेवून बघू. गणपतीची आरती चालली आहे, ट्यूबलाइट लावलेली आहे, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० वर आहे. ५५ मिमीला एफ ५.६ वर शटर साधारण १/६० सेकंदाच्या आसपास मिळेल. टाळ्या वाजवणारे हात त्या वेगाला पुसट येणारच. तिथून लेन्स १८ ला आणा आणि दोन पावलं पुढे जा. एफ ३.५ ला तेच शटर १/१६० पर्यंत जातं, हात बऱ्यापैकी गोठतात, शिवाय चौकटीत मखर आणि माणसं दोन्ही येतात. किट लेन्सने घरात फोटो काढायचे तर झूम करायचा नाही, जवळ जायचं. हा एक नियम पाळला तरी "घरातले फोटो हललेले येतात" ही तक्रार निम्मी होते.

मॅन्युअल मोडवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. १८ ला एफ ३.५ लावून एक्स्पोजर बसवलंत आणि तसाच झूम केलात, तर अॅपर्चर आपोआप ५.६ वर जातं आणि फोटो काळवंडतो. कॅमेऱ्यात बिघाड नसतो. झूम वापरायचाच असेल तर सुरुवातीपासून एफ ५.६ वर राहा, मग आकडा हलत नाही.

स्टॅबिलायझेशन असताना फोटो हलतो कसा?

ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही. देवळातली समई १/१० ला हातात धरूनही नीट येईल. दहीहंडीचा थर कोसळताना त्याचा काही उपयोग नाही, तिथे १/५०० च्या वरचं शटरच लागतं.

खरेदी करताना लेन्सवर कॅनन असेल तर "आयएस" आणि निकॉन असेल तर "व्हीआर" ही अक्षरं आहेत ना ते बघा. काही स्वस्त किटमध्ये स्टॅबिलायझेशन नसलेली १८-५५ देतात, आणि खोक्यावरून ते पटकन लक्षात येत नाही.

बॅकग्राउंड ब्लर येतं का?

येतं, पण आपोआप नाही. ५५ मिमी, एफ ५.६, माणूस दीड मीटरवर: फोकसमध्ये राहणारा पट्टा साधारण सोळा-सतरा सेंटिमीटरचा असतो. नाकापासून कानापर्यंत चेहरा स्वच्छ, मागचं सगळं सुटायला सुरुवात. आता मागे काय आहे आणि किती लांब आहे, यावर सगळा खेळ. माणसाला भिंतीला टेकवून उभं केलंत तर भिंतीचा पोपडासुद्धा दिसेल. तोच माणूस अंगणात मधोमध आणा, मागची झाडं पंधरावीस फुटांवर जाऊ द्या, आणि ती झाडं हिरव्या डागांत विरघळतात. माणूस आणि बॅकग्राउंड यांतलं अंतर वाढवायला पैसे पडत नाहीत.

आणि उजेड. आजीचा फोटो काढायचा असेल तर तिला दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर मागे बसवा, तोंड थोडं बाहेरच्या बाजूला. बाहेरचं ऊन थेट अंगावर यायला नको, नुसता उजेड यावा. मागची माजघराची बाजू आपसूक काळोखी होते. चेहऱ्यावर एका बाजूने प्रकाश पडला की सुरकुत्या, नथ, कपाळावरचं कुंकू सगळं उठून दिसतं. सकाळी दहाच्या सुमारास अशा जागी आयएसओ ४०० ते ८०० वर काम होतं आणि एफ ५.६ कुठेच आड येत नाही. या फोटोत बॅकग्राउंड ब्लर आहे की नाही, हे बघणारा विचारतसुद्धा नाही.

माझे फोटो शार्प येत नाहीत. लेन्सच खराब आहे ना?

बहुतेक वेळा नाही. लेन्सवर ठपका ठेवण्याआधी एक चाचणी करा. कॅमेरा टेबलावर ठेवा, समोर वर्तमानपत्राचं पान भिंतीला लावा, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, मधल्या फोकस पॉइंटवर फोकस. हा फोटो स्वच्छ आला तर लेन्स ठीक आहे आणि दोष शटर स्पीडचा किंवा फोकस पॉइंटचा आहे. कॅमेरा स्वतःहून फोकस पॉइंट निवडत असेल तर तो पुष्कळदा जवळच्या वस्तूवर जाऊन बसतो, म्हणजे चेहऱ्याऐवजी हातातल्या हारावर. एकच पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवायची सवय लावा.

एफ ८ च्या आसपास किट लेन्स सगळ्यात धारदार असते. एफ १६ च्या पुढे जाऊ नका. एफ २२ ला सगळं फोकसमध्ये येईल असं वाटतं, पण त्या बारीक भोकातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ होतो.

ट्रेकला, गडकिल्ल्यांना चालेल?

उत्तम चालेल, किंबहुना हेच तिचं माहेर. दिवसाउजेडी एफ ८ ला काम करायचं असल्यावर महागड्या लेन्सचं मोठं अॅपर्चर वापरलंच जात नाही.

एक उपयोगी आकडा देतो. १८ मिमी, एफ ८ वर साधारण २ मीटरवर फोकस ठेवलात तर सुमारे १ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्वीकारार्ह शार्प राहतं. पायाशी बुरुजाचा दगड आणि मागे सह्याद्रीच्या रांगा, दोन्ही एका चौकटीत हवे असतील तर लांबच्या डोंगरावर फोकस करण्यापेक्षा दोन मीटरवरच्या दगडावर करा.

हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं) वेगळा विकत घ्यावा लागला तरी घ्या. तिरपं ऊन काचेवर पडून फोटो पांढुरका होतो, ते बऱ्याच अंशी टळतं. यूव्ही फिल्टरपेक्षा मी हूडला पसंती देतो. टेकून उभं राहताना लेन्सचं तोंड खडकावर आपटलंच, तर आधी मार तोच खातो.

आकाशगंगा टिपता येईल का?

येईल. एप्रिल-मे मधली अमावास्येच्या जवळची रात्र, हरिश्चंद्रगडासारखी गावच्या दिव्यांपासून लांबची जागा, ट्रायपॉड आणि मध्यरात्रीनंतरची वेळ. १८ मिमी, एफ ३.५, आयएसओ ३२००, शटर १५ सेकंद. वेळ याहून वाढवली तर तारे ठिपक्यांऐवजी रेघा होऊ लागतात. ५०० ला फुल फ्रेमच्या हिशेबातल्या फोकल लेंथने भागलं की मर्यादा कळते, इथे ती १७ सेकंदांच्या आसपास येते.

खरी अडचण फोकसची. किट लेन्सवर अंतराची पट्टी नसते. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर थेट दृश्य) चालू करून एखादा तेजस्वी तारा स्क्रीनवर मोठा करा आणि मॅन्युअल फोकसने तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा. एसटीएम आणि एएफ-पी लेन्समध्ये ही रिंग विजेवर चालते, त्यामुळे कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केलात की फोकस परत तपासा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद ठेवा.

फुलं, किडे, क्लोजअप?

इथे किट लेन्सला कुणी श्रेय देत नाही, पण द्यायला हवं. १८-५५ च्या नव्या आवृत्त्या २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करतात, आणि हे अंतर लेन्सच्या तोंडापासून नाही, बॉडीच्या आतल्या सेन्सरपासून मोजलेलं आहे. (बॉडीवर वर्तुळातून गेलेली आडवी रेघ असते, ती सेन्सरची खूण.) ५५ ला एवढं जवळ गेलात की साधारण सहा सेंटिमीटर रुंदीची जागा चौकटभर होते. अनेकजण क्लोजअपसाठी ५० मिमी एफ १.८ घेतात, कॅननची ती लेन्स यापेक्षा बरीच लांबूनच फोकस करते आणि तिच्यात फूल लहान दिसतं.

कास पठारावर सीतेची आसवं किंवा कवळा टिपायचा असेल तर हीच लेन्स लावा, ५५ वर ठेवा, एफ ८, आणि वाऱ्याची झुळूक थांबायची वाट बघा. फक्त वाटेवरूनच. एका फोटोसाठी वाट सोडून शेकडो रोपं तुडवली जातात, आणि ती रोपं वर्षातून एकदाच फुलतात.

पक्षी?

नाही. भिगवणला नावेतूनही रोहित पक्ष्यांचा थवा ५५ मिमीला दूरवरची गुलाबी रेघ दिसेल. ताडोब्यातही वाघ अगदी गाडीशेजारून गेला तरच.

५५-२५० किंवा ७०-३०० सोबतची डबल किट घ्यावी का?

पक्षी, मुलांचे मैदानी खेळ, शाळेच्या स्टेजवरचे कार्यक्रम यांतलं काही नक्की काढणार असाल तर घ्या, वेगळी घेण्यापेक्षा स्वस्त पडते. "असू दे सोबत" म्हणून घेणार असाल तर नको. अशा कितीतरी लेन्स कपाटात बुरशी धरून बसलेल्या पाहिल्या आहेत.

सगळे म्हणतात, आधी ५० मिमी एफ १.८ घे. घेऊ?

घ्या, पण आधी नको आणि सगळ्यांनी नको. लेन्स गुणी आहे, कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक आहे आणि संध्याकाळच्या उजेडात ती जे करते ते किट लेन्सला जमत नाही. पण कॅननच्या एपीएस-सी बॉडीवर ती ८० मिमीसारखी वागते. दहा फुटांवर उभं राहून आडवा फोटो काढलात तर जेमतेम साडेचार फूट रुंदी मावते. फ्लॅटच्या हॉलमध्ये केक कापणाऱ्या मुलाचा फोटो काढताना पाठ भिंतीला लागते आणि आजोबा चौकटीबाहेर राहतात. १८ ला त्याच जागेवरून बारा फुटांच्या आसपास मावतं. घरातल्या फोटोंसाठी मोठं अॅपर्चर हवं असेल तर ३५ मिमी एफ १.८ जास्त सोयीची, आणि निकॉनकडे ती एपीएस-सीसाठी वेगळी बनवलेली आहे.

निकॉनवाल्यांना एक सावधगिरी: डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी "एएफ" ५० मिमी एफ १.८डी स्वस्तात मिळते म्हणून घेतलीत, तर ऑटोफोकस चालणारच नाही. "एएफ-एस" किंवा "एएफ-पी" लिहिलेलीच घ्या, आणि एएफ-पी घेताना तुमची बॉडी तिला चालते का ते विचारा. काही जुन्या बॉडींवर ती फोकस करत नाही.

दुसरी लेन्स कुठली, हे ठरवायचं कसं?

तुमच्या स्वतःच्या फोटोंवरून. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ, अॅपर्चर, शटर आणि आयएसओ लिहून ठेवलेले असतात. काही महिन्यांचे आवडलेले फोटो निवडा आणि ही माहिती बघा. निम्म्याहून जास्त ५५ वर असतील आणि तरी कापून मोठे करावे लागले असतील, तर लांब पल्ल्याची लेन्स हवी. सगळे १८ वर अडकले असतील तर १०-१८ सारखी वाइड. आयएसओ सतत ३२०० आणि वर, फोटो हललेले, तर मोठ्या अॅपर्चरची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स. यातलं काहीच ठळक दिसत नसेल तर अजून लेन्सची गरज नाही. त्या पैशात ट्रायपॉड घ्या, किंवा आषाढात पालखीबरोबर दिवेघाट चालून या.

लग्नाच्या हॉलमध्ये काय करू?

वेगळा फ्लॅश घेऊन तो पांढऱ्या छताकडे वळवा. परतून येणारा मऊ उजेड एफ ५.६ ला पुरतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश वापरावाच लागला तर हूड काढा, नाहीतर १८ मिमीला फोटोच्या तळाशी लेन्सची अर्धगोल सावली येते. पैसे घेऊन लग्नाचं काम मात्र एकट्या किट लेन्सवर घेऊ नका. मंगलाष्टकं पुन्हा होत नाहीत, आणि हॉलमधले दिवे कसे असतील हे आपल्या हातात नसतं.

फोन एवढे चांगले असताना किट लेन्सचा काय फायदा?

अंधारात, हातात धरून, स्थिर दृश्य असेल तर फोन जिंकू शकतो. तो अनेक फोटो क्षणात जोडतो आणि त्याच्या लेन्सचं अॅपर्चर मोठं असतं. दिवसा, ५५ मिमीच्या पोर्ट्रेटमध्ये, फ्लॅशबरोबर, किंवा रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) उघडून सावल्या वर काढताना एपीएस-सीचा मोठा सेन्सर स्पष्ट पुढे असतो. दोन्ही जवळ ठेवा.

मिररलेसच्या किट लेन्सचं काय?

त्या लहान आहेत, आणि काहींचं अॅपर्चर आणखी छोटं. कॅननची आरएफ-एस १८-४५ एफ ४.५-६.३ आहे, निकॉनची झेड डीएक्स १६-५० एफ ३.५-६.३. सोनीची १६-५० कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरवर बरीच विसंबते. दुरुस्ती बंद केली तर १६ मिमीला सरळ भिंती फुगलेल्या दिसतात. फुजीफिल्मची १८-५५ एफ २.८-४ मात्र किटमध्ये येऊनही वेगळ्या दर्जाची आहे, ती मिळत असेल तर सोडू नका.

बऱ्याच किट लेन्स घडी होऊन लहान होतात. कॅमेरा चालू केल्यावर फोटो निघत नसेल आणि स्क्रीनवर लेन्सबद्दल सूचना येत असेल, तर झूम रिंग फिरवून लेन्स उघडा. निकॉनच्या एएफ-पी वर त्यासाठी बाजूला बटण असतं.

सेकंड हँड घेताना काय बघू?

मुंबईत फोर्टातल्या बोरा बझारात घ्या की ओळखीच्याकडून, तपासणी तीच. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारून काचेत कोळ्याच्या जाळीसारखे धागे दिसतात का ते बघा, ती बुरशी. झूम रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, आणि हे एफ ८ किंवा एफ ११ वर करा. या लेन्समधली अॅपर्चरची पातळ केबल वापरून वापरून तुटते. तेव्हा पूर्ण उघड्या अॅपर्चरवर फोटो नीट निघतो आणि आकडा वाढवला की कॅमेरा एरर दाखवतो. दुकानात कुणी अॅपर्चर बदलून बघत नाही, म्हणून हा दोष सहज खपून जातो.

पावसाळ्यात बुरशीपासून कशी वाचवू?

कोकणात आणि मुंबईत हा प्रश्न गंभीर आहे. कापडी बॅगेत कधीही ठेवू नका, ती ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत रंग बदलणारी सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. आणि लेन्स बाहेर काढून वापरत राहा, डब्यात महिनोन्‌महिने पडलेली लेन्स लवकर बिघडते.

लेन्सचं झाकण हरवलं. कोणत्या मापाचं आणू?

लेन्सच्या तोंडाशी, काट मारलेल्या शून्यासारख्या खुणेपुढे माप छापलेलं असतं. कॅननच्या बहुतेक १८-५५ ना ५८ मिमी लागतं, निकॉनच्या जुन्यांना ५२ आणि एएफ-पीला ५५. फिल्टरही त्याच मापाचा घ्यायचा.